मारिओच्या मिशा स्पष्ट दिसाव्यात म्हणून

माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली काढला की बहुतेक लोक थेट खेळायला बसतात. हे सर्वस्वी अशास्त्रीय आहे. आधी केबलचा विचार करावा. खेळ नंतर, वेळ उरलाच तर.

प्रथम आपल्या हाती काय आहे ते पाहावे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जो डबा वाढदिवसाला मिळे, तो बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (जपान, १९८३) नक्कल असे. अस्सल फॅमिकॉममधून चित्र बाहेर पडायला एकच वाट होती, अँटेनाची. गेमने स्वतःला प्रक्षेपण केंद्र समजायचे, टीव्हीने त्याला एखादे रिकामे चॅनल द्यायचे, आणि घरातल्या थोरल्या भावाने ट्यूनिंगचे चाक फिरवत मुंग्यांमधून मारिओ हुडकायचा. ही वाट सुसंस्कृत माणसाने सोडून द्यावी.

डब्यामागे पिवळी पिन लावण्याची सोय असेल तर आपण भाग्यवान. पण हुरळून जाऊ नये. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग यांची खिचडी येते आणि डाळ-तांदूळ पुन्हा वेगळे करण्याचे काम टीव्हीच्या माथी पडते. ते त्याला नीट जमत नाही. म्हणून कडांवर ठिपके सरपटतात आणि लाल रंग शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो. शिवाय आजकालच्या बऱ्याच टीव्हींना पिवळ्या पिनेसाठी वेगळी जागाच नसते, ती हिरव्या सॉकेटमध्येच लावायची असते. लावल्यावर चित्र कृष्णधवल आले तर टीव्हीला हिरव्यातून दुसराच सिग्नल येईल असे वाटत आहे, असे समजावे आणि मेनूत जाऊन ‘एव्ही’ निवडावे. किंवा १९८२ च्या आधीचा दूरदर्शनचा काळ आठवत तसेच खेळावे.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर बाजारातून ‘एव्ही ते एचडीएमआय’ अशी डबी आणावी. हुबेहूब तशीच दिसणारी ‘एचडीएमआय ते एव्ही’ ही डबी उलट दिशेने चालते. घरी प्रथम तीच येते.

पिनांना सोन्याचा मुलामा असावा का? असावा. सोने गंजत नाही. चित्रावर त्याचा परिणाम होत नाही, मात्र घरच्यांसमोर खोके उघडताना खर्चाला थोडे वजन येते.

आता वरच्या पायऱ्या. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग दोन वेगळ्या वायरींनी जातात. कंपोनंटमध्ये तीन वायरी असतात, हिरवी, निळी आणि लाल. प्लेस्टेशन २ वाल्यांनी इथेच थांबून सुखी व्हावे. खऱ्या साधकाने मात्र स्कार्ट गाठावे. ही फ्रान्सची देणगी. एकवीस पिनांचा, पावासारखा जाड प्लग थोडा तिरका बसतो आणि सरळ केला की निघतो. यातून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग आपापल्या वायरीने, कोणाच्या वाटेला न जाता येतात. जपानमध्येही अगदी असाच एकवीस पिनांचा प्लग असे, फक्त आतल्या वायरींची मांडणी वेगळी. तो युरोपच्या सॉकेटात सहज बसतो आणि यंत्र बिघडवू शकतो. तेव्हा प्लग बसला म्हणून आनंद मानू नये.

भारतातल्या टीव्हीला स्कार्टचे सॉकेट सहसा नसते, ही अडचण केबल आल्यावर लक्षात घ्यावी.

याहून मोठी अडचण फॅमिकॉमच्या पोटात आहे. त्याची चित्रे काढणारी चिप खिचडीच शिजवून बाहेर पाठवते. लाल, हिरवा, निळा हे सुटे रंग तिच्यातून कधी निघतच नाहीत. केबल कितीही भारी आणा, जे आत नाही ते बाहेर कुठून येणार? यावर जाणकारांचा उपाय असा : निन्टेन्डोच्याच प्लेचॉइस-१० या नाणी टाकून खेळायच्या यंत्रातली चिप काढून आपल्या कन्सोलमध्ये डकवावी. म्हणजे एक जुने यंत्र मोडून दुसऱ्याची नजर सुधारावी. काही रंग मूळपेक्षा निराळे दिसतात, पण दिसतात फार रेखीव.

सेगाच्या मेगा ड्राइव्हमधून हे तिन्ही रंग सुटे मिळतात, म्हणून त्यावर १९९१ चा ‘सॉनिक’ लावून पाहावा. पहिल्याच टप्प्यात धबधबा आहे. पिवळ्या वायरीतून तो पारदर्शक दिसायचा, मागची झाडी त्यातून डोकवायची. स्कार्ट लावल्यावर कळते की तिथे पाणी नव्हतेच, उभ्या पट्ट्या होत्या. एक सोडून एक पट्टी काढायची आणि उरलेले काम पिवळ्या वायरीच्या धूसरपणावर सोपवायचे, असा चित्रकारांचा हिशेब होता. आपण पैसे मोजून तो धूसरपणा घालवला आणि सॉनिक आता गजांमागून पळतो. या वेळी घरातून “अहो, हे आधी बरं नव्हतं का?” असा प्रश्न येईल. त्याला उत्तर देऊ नये.

मारिओचेही तेच. फॅमिकॉमचे चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे. फोर-के टीव्हीवर त्याच्या बरोबर १३५ पट ठिपके असतात, आणि टीव्ही ती उणीव स्वतःच्या कल्पनेने भरून काढतो. ही भर घालण्यात त्याला वेळ लागतो. उडीचे बटण दाबल्यावर मारिओ उडतो तो खड्ड्यात पडल्यावर. म्हणून सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू करावा. मग मिशा पाहाव्यात. इतक्या कमी ठिपक्यांत तोंड काढणे कठीण म्हणून मारिओचे जनक मियामोतो यांनी मिशा दिल्या होत्या. त्या मिशा, केस आणि सदरा, सगळ्यांना एकच तपकिरी रंग आहे. आता हे चौकोन अगदी स्वच्छ मोजता येतात.

एवढ्यावर समाधान न झाल्यास रेट्रोटिंक फोर-के हे यंत्र घ्यावे. २०२३ साली ते ७५० डॉलरला बाजारात आले. जुने चित्र ते नव्या टीव्हीवर काटेकोर बसवते. नंतर त्याच्या मेनूत शिरून काळ्या आडव्या रेघा, काचेवरची जाळी, जुन्या टीव्हीची चमक, हे सगळे पुन्हा चालू करता येते. म्हणजे जो टीव्ही आपण भंगारवाल्याला दिला, त्याची नक्कल परत मिळते. ती फार हुबेहूब असते आणि साधकाने तिचे कौतुक करावे.

शेवटी बंदूक. १९८४ च्या ‘डक हंट’मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीला तो उजेड त्याच क्षणी दिसावा लागतो. नव्या टीव्हीवर तो उशिरा उमटतो, आणि बंदूक ज्या जुन्या पडद्याचा उजेड ओळखते तोही इथे नसतो. तेव्हा पिवळी, हिरवी, सोनेरी, एकवीस पिनांची, कोणतीही केबल लावा, बदक सुखरूप निघून जाते. मग गवतातून कुत्रा वर येऊन आपल्याला हसतो. तो मात्र इतका स्पष्ट पूर्वी कधीच दिसला नव्हता.