घरच्यांस मज्जाव

जगाच्या पाठीवर कोठूनही उघडणारे, परंतु ज्या घरात त्याचे यंत्र नांदते त्या घरातून मात्र हटकून न उघडणारे असे एक संकेतस्थळ माझ्या मालकीचे आहे. आणि मालकी या गोष्टीविषयी मनुष्याने जन्मभर बाळगलेल्या समजुतींची जी वासलात असल्या मालमत्तेने लागते, ती भाऊबंदकीच्या दाव्यांनीही लागत नसेल. टोरांटोला राहणारा माझा पुतण्या ते उघडतो, नागपूरची आत्तेबहीण उघडते, आणि कोठल्या कोठल्या मुलखांतून रात्री-अपरात्री कुलपे चाचपीत हिंडणारी अनामिक यंत्रे तर ते इतक्या नेमाने ठोठावतात की त्यांच्या हजेरीने माझी नोंदवही भरून वाहते. उघडत नाही ते फक्त मला, त्या यंत्रापासून चार हातांवर आरामखुर्चीत बसलेल्या मालकाला.

प्रकरण तसे मोठे नव्हे. माझे आजोबा मामलेदार कचेरीत शिरस्तेदार होते. त्यांनी उभ्या हयातीत लिहिलेल्या रोजकीर्दी, मोडीतली पत्रे, नेमणुकीचे व बदलीचे हुकूम आणि जुनी छायाचित्रे स्कॅन करून एका ठिकाणी ठेवावीत व पांगलेल्या कुटुंबाने ती आपापल्या गावी बसून पाहावीत, इतकाच माझा मानस होता. परक्या कंपनीच्या वखारीत आजोबांना भाडे भरून ठेवण्यापेक्षा ते घरीच बरे, असे वाटल्यावरून तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय नामक संगणक आणला, दिवाणखान्यात राउटरच्या शेजारी गणपतीच्या तसबिरीखाली त्याची प्रतिष्ठापना केली, त्याला १९२.१६८.१.२० हा घरातला क्रमांक नेमून दिला, एक नाव वार्षिक मोल देऊन घेतले, ते आमच्या जोडणीच्या सार्वजनिक पत्त्याशी बांधले, आणि राउटरला सक्त ताकीद दिली की ४४३ क्रमांकाच्या पोर्टावर जो कोणी येईल त्याला बिनातक्रार आजोबांकडे पोहोचवावे. या ताकिदीला जाणकार लोक पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

त्याच रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, दिसतंय! पणजोबांचा बदलीचा हुकूम वाचतोय. काय अक्षर आहे हो त्यांचं!" तो उल्हास ऐकून सौभाग्यवतीने आपला फोन उघडला, आणि पांढऱ्या पडद्यावर एक बारीक चक्र फिरत राहिले. ते फिरले, फिरले आणि शेवटी 'साइटपर्यंत पोहोचता येत नाही' असा निवाडा देऊन थांबले. "कॅनडात दिसतं आणि इथे दिसत नाही. तुमचे आजोबा माझ्यावर रागावलेत का?" असा प्रश्न तिने केला. आजोबा आमच्या लग्नाआधीच निवर्तले होते, तेव्हा या प्रश्नाला उत्तर नव्हते.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीस दूरध्वनी केला असता प्रथम बराच वेळ सतार ऐकवण्यात आली, आणि सतारीअंती एका मंजुळ आवाजाच्या युवतीने राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मंत्र दिला. इंटरनेट सुरळीत आहे, फक्त माझेच संकेतस्थळ माझ्याच घरातून दिसत नाही, हे मी परोपरीने विशद केल्यावर ती क्षणभर थांबली आणि अत्यंत आर्जवाने म्हणाली, "सर, मग तोपर्यंत दुसरी कुठली साइट बघता येईल का?"

पुढे कंपनीचा तंत्रज्ञ आला. पाठीवर पिशवी, हातात तार कातरण्याची पक्कड, आणि नेट बंद असणे व नेट हळू असणे यांपलीकडे तिसरी तक्रार या चराचरात संभवतच नाही अशी मुद्रेवर प्रसन्न श्रद्धा. त्याने वेग मोजला, दिवे न्याहाळले, "काका, स्पीड तर फुल येतोय" असा निर्वाळा दिला, आणि माझ्या आग्रहावरून स्वतःच्या मोबाइलवर संकेतस्थळाचे नाव टाईप केले. तत्क्षणी आजोबा प्रकट झाले: फेटा बांधलेले, कचेरीच्या पायरीवर उभे, काखेत दप्तर. "हे बघा, चालू आहे की! आता ओटीपी सांगा, कम्प्लेंट क्लोज करतो." मी निमूटपणे ओटीपी सांगितला.

तो जिना उतरून गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. त्याचा मोबाइल आमच्या वायफायवर नव्हताच. तो आपल्या सिमच्या डेटावर, म्हणजे शरीराने दिवाणखान्यात पण शास्त्रार्थाने घराबाहेर उभा राहून आजोबांना पाहत होता. मी सौभाग्यवतीच्या फोनचे वायफाय बंद केले: आजोबा हजर. सुरू केले: चक्र. पुन्हा बंद केले: पुन्हा आजोबा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून हा आविर्भाव आणि तिरोभाव पाहणारी ती म्हणाली, "म्हणजे घरातलं बघायला घराबाहेर जायचं?" निदान याहून नेमक्या शब्दांत कोठल्याही अभियंत्याला करता आले नसते.

या विपरीताचे मूळ फार जुने आहे. इंटरनेटच्या पत्त्यांची जी चौथी आवृत्ती १९८१ साली मुक्रर झाली, तिच्यात एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावत होते, आणि काही विद्यापीठे, काही संशोधनशाळा व लष्करी खाती एवढाच ज्या काळी गिऱ्हाइकांचा पसारा होता त्या काळी ही बेगमी कोणाला अपुरी वाटण्याचे कारण नव्हते. पुढे टंचाईची चाहूल लागली. तेव्हा १९९४ साली एगेव्हँग आणि फ्रान्सिस या दोघांनी असा तोडगा लिहून मांडला की आत यंत्रे वाटेल तितकी असोत, बाहेर मात्र त्या सर्वांनी एकाच पत्त्यावर वावरावे. आणि १९९६ साली अंतर्गत वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे कायमचे राखून ठेवण्यात आले. त्यांपैकी १९२.१६८ ने आरंभ होणारा पट्टा इतका लोकप्रिय ठरला की आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर एकेक १९२.१६८.१.१ नांदतो आहे आणि कोणाचे कोणावाचून अडत नाही. मध्यवर्ती कोठारातले अखेरचे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. तरीही त्या जुन्या पत्त्यांवर कारभार चालू आहे, तो बऱ्याच अंशी या तोडग्याच्या जोरावर.

राउटर हा या तोडग्यातला, म्हणजे एनएटीतला, बारनिशीचा कारकून. घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लखोट्यावरचे मूळ प्रेषकाचे नाव तो खोडतो, तेथे स्वतःचे नाव घालतो, जावक वहीत नोंद करतो, आणि उत्तर आले की वहीत पाहून ज्याचे त्याला नेऊन देतो. बाहेरून आगंतुक लखोटा आला तर वहीत त्याची नोंद नसल्याने तो केराच्या टोपलीत जायचा, परंतु आजोबांच्या बाबतीत आपण आगाऊ ताकीद दिली असल्यामुळे टोरांटोचा लखोटा बिनबोभाट पोहोचतो. येथवर सर्व यथास्थित आहे. पेच पडतो तो घरातल्याच माणसाने घरातल्याच माणसाला, पण बाहेरच्या पत्त्यावर, लखोटा धाडला म्हणजे.

या प्रसंगी तीन प्रकारचे राउटर तीन प्रकारे वागतात. पहिला आपल्याच सार्वजनिक पत्त्याचा लखोटा आतून आलेला पाहून 'हा तर मीच' असे समजतो आणि आजोबांच्या जागी स्वतःचेच प्रवेशपृष्ठ पुढे करून युजरनेम व पासवर्ड मागतो, किंवा मौन पाळतो. तिसरा शहाणा, त्याच्याकडे आपण नंतर येऊ. आमचा राउटर दुसऱ्या जातीचा, म्हणजे अर्धा शहाणा निघाला. हे मला कळले ते आजोबांच्या संगणकावर टीसीपीडम्प नावाचा प्रोग्राम चालवून. प्रत्येक लखोटा त्या यंत्रात येता-जाता पडद्यावर एकेक ओळ उमटवणारे हे साधन आहे. मी टॅब्लेटवरून संकेतस्थळ मागितले आणि काळ्या पडद्यावर ओळी उमटल्या: १९२.१६८.१.७ कडून 'एस', म्हणजे बोलायचे आहे अशी विचारणा. त्याला आजोबांकडून 'एस' व पुढे टिंब, म्हणजे बोला असा होकार. आणि पाठोपाठ माझ्याच टॅब्लेटकडून 'आर', म्हणजे तुम्हाला मी ओळखत नाही, चालते व्हा. पुन्हा एस, पुन्हा टिंब, पुन्हा चालते व्हा. म्हणजे मागणी पोहोचत होती, उत्तर निघत होते, ते माझ्यापर्यंत येतही होते, आणि मीच, अर्थात माझ्या वतीने माझा टॅब्लेट, दाराशी आलेल्या आजोबांना हाकलून देत होता.

कारण असे की आमच्या कारकुनाने लखोट्यावर कोणास हे बदलून १९२.१६८.१.२० केले, पण कोणाकडून हे तसेच १९२.१६८.१.७ राहू दिले. आजोबांच्या यंत्राने पाहिले की विचारणारा तर याच घरातला आहे, मग बारनिशीच्या टेबलाला कशाला शिवायचे. आणि उत्तर सरळ समक्ष हाती दिले. टॅब्लेटने पत्र लिहिले होते सार्वजनिक पत्त्याला आणि उत्तर आले भलत्याच १९२.१६८.१.२० कडून, ते त्याने नियमाप्रमाणे झिडकारले. शेजारच्या खोलीतल्या अव्वल कारकुनाने समक्ष हाती दिलेला कागद 'मार्फत आलेला नाही' असा शेरा मारून परत केल्याची नोंद आजोबांच्या एका रोजकीर्दीत आहे, आणि त्या पानाचे छायाचित्र याच यंत्रावर आहे. आता सांगा, या कारभारात दोष कोणाला द्यावा? राउटरने ताकीद पाळली, आजोबांनी तत्परता दाखवली, टॅब्लेटने सावधगिरी राखली. तिघेही कर्तव्यदक्ष, आणि म्हणूनच काम झाले नाही.

तिसऱ्या जातीचा राउटर दोन्ही नावे बदलतो, स्वतःच प्रेषक होतो, त्यामुळे उत्तर त्याच्याच मार्फत परतते. या वळशाला हेअरपिन म्हणतात, काही जण एनएटी लूपबॅक म्हणतात. असा वळसा राउटरला आलाच पाहिजे, असे मानकांच्या दस्तऐवजांत २००७ आणि २००८ सालीच निःसंदिग्धपणे लिहून ठेवले आहे. दंडक आहे, तो छापील आहे, आणि कित्येक घरगुती राउटर त्याची अंमलबजावणी न करता सुखेनैव विकले जातात. हे वाचून मराठी नागरिकाला धक्का बसेल असे मला वाटत नाही.

उपाय म्हणून प्रथम थेट १९२.१६८.१.२० हा क्रमांकच टाईप करून पाहिला. आजोबा दिसले असते. परंतु सुरक्षेचे प्रमाणपत्र नावावर काढलेले, क्रमांकावर नव्हे, त्यामुळे ब्राउझरने लाल चिन्हासह 'तुमची माहिती चोरीस जाऊ शकते' असा इशारा दिला, आणि चाळीस वर्षे पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या गृहस्थाविषयी हे वाचणे कुटुंबातील ज्येष्ठांना रुचले नाही. मग होस्ट्स फाइल. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, रचली. त्यापूर्वी साऱ्या जाळ्याची नावे एकाच फाइलीत मावत असत, आणि तिचा वंशज आजही प्रत्येक संगणकात अडगळीच्या कप्प्यात पडून असतो. तिच्यात क्रमांक आणि नाव अशी एक ओळ लिहिली की त्या संगणकापुरते काम होते. परंतु मुलीने तोच लॅपटॉप नागपुरास नेला, आणि तेथे तो आत्याच्या वायफायवर १९२.१६८.१.२० शोधीत बसला. त्या घरी तो क्रमांक छपाईयंत्राचा होता. शिवाय फोनमध्ये ही फाइल साध्या माणसाच्या हाती लागत नाही.

खरा उतारा निराळा. घरातच एक छोटा डीएनएस ठेवायचा, आणि त्याला सांगायचे की हे नाव घरातल्या कोणी विचारले तर घरातला क्रमांक सांग, बाकी सगळ्या चौकश्या बाहेर पाठव. डीएनएसमास्क नावाच्या प्रोग्रामात त्यासाठी एकच ओळ लागते. मग राउटरच्या डीएचसीपीला, म्हणजे घरातल्या यंत्रांना क्रमांक वाटणाऱ्या खात्याला, बजावायचे की येणाऱ्या प्रत्येक यंत्राने नावे येथेच विचारावीत, आणि आजोबांचा क्रमांक त्यांच्याच नावे राखून ठेवायचा, नाहीतर वीज जाऊन आली की तो टीव्हीला मिळतो. एवढे केल्यावर सौभाग्यवतीच्या फोनवर आजोबा उभे राहिले. मुलीच्या फोनवर तरीही चक्रच. कारण तिच्या फोनात प्रायव्हेट डीएनएस सुरू होते, आणि तिचा फोन घरच्यांना काहीही न विचारता परस्पर बाहेर चौकशी करीत होता. यात फोनचा विशेष दोष आहे असे मी मानीत नाही.

आत्तेबहिणीला हे सारे तिच्या घरी करायचे होते, पण तिच्या राउटरच्या पडद्यावर बाहेरचा म्हणून दाखवलेला पत्ताच १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा हा पट्टा २०१२ साली पुरवठादारांच्या सोयीसाठी राखण्यात आला. तो ज्यांच्या वाट्याला येतो त्यांच्या वरती कंपनीचा आणखी एक कारकून बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे घरच्या ताकिदीचा इलाज चालत नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता मासिक आकार भरून घ्यावा, हाच तेथे सरळ मार्ग.

ज्या वाचकांना आपले आजोबा घरी ठेवण्याची हौस असेल त्यांना एवढीच विनंती की राउटर घेताना खोक्यावरच्या अँटेना मोजत बसू नये. एनएटी लूपबॅक येते का, हे दुकानदाराला विचारावे, तो "सगळं येतं" म्हणेल, तेव्हा माहितीपत्रक मागून स्वतः वाचावे. आणि तक्रार नोंदवलीच, तर ओटीपी सांगण्यापूर्वी तंत्रज्ञाला त्याच्या मोबाइलचा डेटा बंद करून आपल्या वायफायवर यायला लावावे.