हायवाला रस्ता, होडीला चिखल

गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. या काठाची दरड फोडून, मुरूम टाकून वाळूच्या हायवांसाठी रस्ते होतात आणि गाडी थेट पात्रात उतरते. मासेमाराला मात्र आपली होडी गुडघाभर गाळातून ओढत न्यावी लागते. ज्यांचा नदीवर काडीचाही हक्क नाही त्यांना वाट मिळते. ज्यांच्या पिढ्या जाळ्यावर जगल्या त्या भोई-कोळ्यांच्या वाट्याला निसरडी दरड येते. हे मुकाट्याने बघत बसण्यासारखं नाही.

मागणी छोटी आहे. गोदाकाठी, सगळ्यांना वापरता येईल असा एक उतरता धक्का बांधा. स्नानाच्या घाटाला पायऱ्या असतात, पायऱ्यांवरून होडी उतरत नाही. होडीला सलग उतार लागतो. आठ फुटांना एक फूट इतका कल, पाय घसरू नये म्हणून आडव्या खाचा पाडलेलं काँक्रीट, आणि खालचं टोक उन्हाळ्यातल्या पाण्याच्याही खाली. बाजूला माणसांसाठी चार पायऱ्या आणि होडी बांधायला खुंट. कोकणात बंदर खातं असे धक्के बांधतं. मराठवाड्याला नदी आहे हे सरकारला फक्त वाळूच्या लिलावात आठवावं काय?

‘आमच्याकडं पाणी कुठं असतं?’ हा प्रश्न ऐकू येतो. जायकवाडीचं लोकार्पण 1976 साली झालं. त्यानंतर पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी असे बंधारे नदीवर उभे राहिले. दारं टाकली की त्यांच्या मागे पाणी तुंबतं. त्यात रोहू, कटला, मरळ, चिलापी मिळते. तिथे जाळंही पडतं आणि रविवारी गळ घेऊन बसणारी पोरंही असतात. पाणी आहे, मासा आहे. पाण्यापर्यंत पोचायची धड वाट नाही.

या पात्राचा तळही आता भरवशाचा राहिलेला नाही. केन्या लावून वाळू ओढली की वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली पुरुष-दोन पुरुष खोल खड्डे पडतात. सिंदफणेच्या पात्रात, याच तालुक्यातल्या शहाजानपूर चकल्याला, 2022 साली अशाच खड्ड्यात बुडून चार लेकरं गेली. कुठूनही पाण्यात उतरणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. एक ठरलेली, तपासलेली, तळ माहीत असलेली जागा असली, तर निदान तिथे तरी पाय टाकताना भीती वाटणार नाही.

आता पुराचं बोलू. सप्टेंबर 2025 मध्ये जायकवाडीतून सुमारे तीन लाख क्युसेक पाणी सुटलं आणि गोदाकाठच्या गावांची झोप उडाली. राष्ट्रीय आपत्ती दलाची तुकडी पुण्याजवळच्या तळेगावहून यायची, राज्याची धुळ्याहून. ती रस्त्यात असते तोवर माणसं काढायची कोणी? गावातल्या होडीवाल्यानेच. त्याची होडी सुस्थितीत राहावी, अंधारातही पाण्यात घालता यावी, बाहेरून आलेल्या बोटीलाही वाट सापडावी, यासाठी काठाच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत पक्का उतार हवा. पाणी चढलं की होडी उताराच्या वरच्या भागातून सोडता येते.

नदी ओलांडता येणं न येणं किती मोलाचं असतं, हे गोदाकाठच्या राक्षसभुवनाला सांगायची गरज नाही. 10 ऑगस्ट 1763 रोजी निजामअली काही फौज घेऊन पलीकडे गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडेच राहिला होता. मधे फुगलेली गोदावरी. माधवराव पेशव्यांनी अलीकडच्या फौजेवर झडप घातली, दिवाण पडला, आणि धनी पलीकडून मदतीला येऊ शकला नाही. त्याच राक्षसभुवनाला आज शनी अमावास्येला हजारो लोक येतात. त्यांच्यातल्या कोणाला होडीत बसून नदी पाहावीशी वाटली, तर त्यात चूक काय? करमणुकीवर काय फक्त पुण्या-मुंबईचाच हक्क आहे?

मात्र हौस बेवारस नको. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले. सार्वजनिक धक्क्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. बोटी दहा ठिकाणांहून सुटल्या तर लक्ष कोण ठेवणार? एकाच ठिकाणाहून सुटल्या तर किती गेल्या, किती परतल्या हे मोजता येतं. जॅकेट घातल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, वारा सुटला की साखळी लावायची, धरणातून पाणी सुटणार असेल तर भोंगा वाजवायचा. ग्रामपंचायतीचा एक माणूस एवढं करू शकतो. तो माणूस मच्छीमारांमधलाच घ्या. पाण्याची नाडी त्याला कळते.

एक हरकत रास्त आहे. असा उतार बांधला की पहिला ट्रॅक्टर वाळूवाल्याचाच उतरेल. त्यावर तोड आहे. उताराच्या तोंडाशी पाच फुटांची फट ठेवून लोखंडी खांब रोवा. हातगाड्यावरची होडी जाईल, हायवा अडेल. मधला एक खांब कुलपाचा ठेवा, पुरात बचावाच्या गाडीसाठी तो काढता येईल. आणि धक्का झाल्यावर बाकीच्या फोडलेल्या दरडी बुजवा. नाहीतर सगळं मुसळ केरात.

पैशांचं रडगाणं नको. गौण खनिजाच्या उत्पन्नातला वाटा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होतो, तो खाणकामाची झळ बसलेल्या गावांसाठीच असतो. वाळूने पोखरलेल्या गोदाकाठापेक्षा त्याचा हक्कदार दुसरा कोण? गोदाकाठच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा, होडीवाल्यांना पुढे बसवून जागा त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी, आणि तो ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा. पुढच्या पावसाळ्याआधी.