जिंदगीत एकदाच

भाऊजींची डायरी बियाणं कंपनीची आहे. कव्हरवर कापसाचं टरारलेलं बोंड, पानापानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सूचना, आणि या दोन्हींच्या मध्ये भाऊजींच्या तिरप्या अक्षरात मनाली, अंदमान, केरळ, सिक्कीम. मनालीच्या पानाखाली 'गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा' असं छापलेलं आहे. अंदमानचं पान जरा चिकटलंय. त्याच्यावर कधीतरी चहा सांडला होता.

चिखलीला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, औषधं, बियाणं. गिऱ्हाइकाला सोयाबीनची थैली देताना भाऊजी हमखास सांगतात, "घरी नेऊन आधी उगवणशक्ती पाहून घ्या बरं. शंभर दाणे मोजा, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले की पेरा." हा सल्ला सोळा आणे खरा आहे. पंचाईत एवढीच की भाऊजी हाच नियम सगळीकडे लावतात. घरात कुकर आणायचा असो, पोराची शिकवणी लावायची असो की सहलीला जायचं असो, पोत्यात गुंडाळून ठेवल्याशिवाय ते काहीही पेरत नाहीत.

आणि सहल तर काय, त्यांच्याच शब्दांत, "जिंदगीत एकदाच जायचं आहे नं, मंग नीट पाहून जाऊ." सगळी गोची या वाक्यात आहे. दरसाल जायचं असतं तर एखादं साल फसलं तरी कोणी मनावर घेतलं नसतं. एकदाच म्हटलं की त्या एका गावात बर्फही पाहिजे, समुद्रही पाहिजे, पोरांना फोटोला जागा पाहिजे, ताईला खरेदी पाहिजे, भाऊजींना ऐतिहासिक महत्त्व पाहिजे आणि रात्री वरण-भात पाहिजे. असं गाव भारत सरकारने अजून वसवलेलं नाही.

गावात कोणी कुठून फिरून आलं की भाऊजी दोन दिवसांत त्यांच्या घरी हजर. लोकांना वाटतं, आपुलकीने विचारपूस करायला आले. भाऊजी साक्ष नोंदवायला आलेले असतात. "हॉटेलात गरम पाणी किती वाजेपर्यंत? गिझरचं की बादलीतलं? चहाला साखर वेगळी देतात का?" यजमान हौसेने बर्फातले फोटो दाखवतात. भाऊजी फोटो दोन बोटांनी मोठा करून मागचं बाथरूम पाहतात. घरी आल्यावर डायरीत नोंद: 'गंगटोक. जेवण ठीक. पोळी जाड.'

एका जाड पोळीवर आख्खं सिक्कीम रद्द झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पोरं लहान होती तेव्हा एवढी अडचण नव्हती. जुन्या डायरीत हिशोब आहे: '3 फुल, 1 हाफ, आई सीनियर सिटिझन.' पुढच्या डायरीत हाफ खोडून फुल केलंय, कारण धाकटा बारा वर्षांचा झाला. आजीची सवलत रेल्वेने 2020 साली बंद केली ती अजून सुरू केलेली नाही, पण भाऊजी आजीच्या नावापुढे निम्मंच भाडं धरतात. "सुरू करतील बाप्पा, पाह्यजा तुम्ही." आता थोरली कॉलेजात, धाकटा नववीत. या वयाच्या पोरांना घेऊन सहल ठरवणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. लहान पोरांना विचारावं लागत नाही, उचलून नेता येतं. या दोघांना विचारावं लागतं, आणि विचारलं की उत्तर येतं, "चालेल."

"अगं, पण कुठे?"

"कुठेपण. तुम्ही ठरवा."

भाऊजींनी ठरवून सांगितलं की मात्र, "शी! तिथे?"

यावर तोडगा म्हणून भाऊजींनी एकदा गुप्त मतदान घेतलं. मी नेमका त्या दिवशी तिथे होतो, म्हणून मला निवडणूक अधिकारी केलं. चिठ्ठ्या, स्टीलचा डबा, सगळं रीतसर. थोरलीच्या चिठ्ठीत निघालं सोल. ती कोरियाच्या मालिका पाहते आणि तिथल्या नटांची नावं तिला शेजाऱ्यांच्या नावांपेक्षा चांगली पाठ आहेत. धाकट्याने लिहिलं होतं, 'जिथे वायफाय आहे.' ताईच्या चिठ्ठीत केरळ, हाउसबोट, आणि खाली कंसात 'स्वयंपाक करायचा नाही.' भाऊजींचं अंदमान. आजीची चिठ्ठी कोरी होती. तिने तोंडी सांगितलं, "मले काहून विचारता? मी शेगावले जातो. महाराजाचं दर्शन घेतो, भक्तनिवासात राह्यतो, येताना कचोरी आणतो. तुमचं होत राहीन."

पाच मतदार, पाच उमेदवार, कोणीच निवडून आलं नाही.

अंदमानवरून बापलेकीचं जवळपास जमलं होतं. पण थोरलीला पाण्याखाली जाऊन मासे पाहायचे होते आणि भाऊजींना सेल्युलर जेल. भाऊजींचा हिशोब असा की एवढा पैसा घालून पोरांना नेतोय तर त्यांच्या सामान्य ज्ञानात भर पडली पाहिजे. सिंदखेड राजावरून जाताना गाडी लखुजी जाधवांच्या वाड्यापाशी थांबते आणि तोंडी परीक्षा सुरू होते. "जिजाऊंचा जन्म?" मागच्या सीटवरून, मोबाईलवरची नजर न काढता, दोन आवाजांत उत्तर येतं, "बारा जानेवारी पंधराशे अठ्ठ्याण्णव." भाऊजी खूश होऊन गिअर टाकतात. पोरांना तारीख येते हे खरं, पण त्यांना सहल म्हटलं की पोटात गोळा का येतो, हेही मला तिथेच कळलं.

त्यात पुन्हा कॅलेंडर. हा भाग भाऊजींच्या हातात नाही, म्हणून मी त्यांना फार बोलत नाही. दिवाळीच्या सुटीत सोयाबीनचे पैसे हाती यायचे असतात, लोक उधारी चुकवायला येतात, दुकान सोडता येत नाही. मार्चपर्यंत पोरांच्या परीक्षा. एप्रिलमध्ये क्लासवाले पुढच्या वर्षाचा अभ्यास आत्ताच सुरू करतात. मेच्या पहिल्या आठवड्यात नीट. आणि मे संपता संपता मृगाच्या आशेवर दुकानापुढे रांग लागते, तेव्हा भाऊजी जेवायलाही घरी येत नाहीत. राहिले मेचे मधले दोन आठवडे. तेवढ्यात नेमकं कोणाचं तरी लग्न निघतं, आणि आमच्याकडे भाचीच्या लग्नाला मामा-मावशी-काका नसले तर पुढची पंधरा वर्षं ऐकावं लागतं.

पैशाचंही तेच. पतसंस्थेत भाऊजींनी आर.डी. काढलेली आहे, पासबुकावर पेन्सिलीने 'सहल' असं लिहिलंय. एका वर्षी ती आर.डी. बोअरमध्ये गेली, तीनशे फुटांवर पाणी लागलं. एकदा आजीच्या मोतीबिंदूत गेली. मग थोरलीच्या अकोल्याच्या क्लासमध्ये. 2021 साली सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांच्या वर उडी मारली, तेव्हा भाऊजींनी पहिल्यांदा डायरीत दुबई लिहिलं होतं. भाव उतरला, तशी दुबईही उतरली. खोडलेल्या अक्षरांवरून आजही बोट फिरवलं की बुर्ज खलिफा वाचता येतो.

उगवणशक्तीचा प्रयोग लोणारला झाला. म्हणजे लांबच्या प्रवासात पोरं कशी वागतात, ताईला गाडी लागते का, हे आधी जवळच्या जवळ तपासायचं. मलाही नेलं. काठावर उभं राहिल्या राहिल्या भाऊजींनी सुरुवात केली: उल्का पडून झालेलं विवर, तेही काळ्या बसाल्टमध्ये, व्यास जवळपास पावणेदोन किलोमीटर. नासाचा उल्लेख झालाच. आमच्या जिल्ह्यातला माणूस नासाचं नाव घेतल्याशिवाय पाहुण्याला लोणार दाखवत नाही. 2020 च्या जूनमध्ये सगळं पाणी गुलाबी झालं होतं आणि ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, हे ते सांगत होते तेव्हा थोरलीने पहिल्यांदा मान वर केली.

"आता गुलाबी नाहीये?"

"नाही बेटा, तेव्हा झालं होतं."

"मग तेव्हा का नाही आलो?"

भाऊजींकडे उत्तर होतं. लॉकडाऊन होतं, जिल्हाबंदी होती. पण त्यांनी ते दिलं नाही. थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "चला, धारेवर जाऊ." गोमुखाच्या पाण्यात धाकट्याने हात-पाय धुतले, मग भाऊजींच्या अंगावर पाणी उडवलं. भाऊजी चिडले, मग त्यांनीही उडवलं. ताई ओरडत होती की शर्ट नवा आहे. दैत्यसूदनाच्या देवळात पोचेपर्यंत तिघेही ओलेचिंब होते. डायरीतली नोंद मी नंतर वाचली: 'लोणार. पोरं नीट वागली. उगवण 80 टक्के.' उरलेले वीस कुठे गेले, ते विचारायचं राहिलं.

भाऊजींना चिडवायचं असलं की मी वाघ काढतो. टिपेश्वरच्या जंगलातला एक तरणा वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, 2019 साली तेलंगणातून हिंडत हिंडत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. साधारण तेराशे किलोमीटर चालला, म्हणून वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक झालं. मी म्हणालो, "भाऊजी, त्या वाघाने डायरी लिहिली असती का हो?" भाऊजींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "साळेबुवा, त्याला दोन पोरं घेऊन नव्हतं जायचं. अन् एवढं हिंडून तो शेवटी राहिला कुठे? बुलढाण्यातच नं?" यावर बोलायला मला काही सुचलं नाही. या माणसाशी वादात पडू नये, तो रोज शेतकऱ्यांशी युरियावरून वाद घालतो.

खरं तर चिखलीच्या माणसाला घाई करायची सवय लागणार तरी कशी? खामगावला कापसासाठी 1870 साली आगगाडी आली आणि ती तिथेच थांबली. पुढे चिखलीवरून जालन्याला न्यायची, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी. आजोबांनी सर्वेक्षण पाहिलं, वडिलांनी सर्वेक्षण पाहिलं, भाऊजींनीही पाहिलं. मध्यंतरी भाऊजींच्या डायरीत चक्क एक पर्याय होता: 'जालना-खामगाव झाल्यास चिखलीहूनच बसता येईल, थांबून पाहणे.' तो ताईने लाल पेनने खोडला. आमची ताई सहसा रागवत नाही.

गेल्या काही वर्षांत समृद्धी महामार्गाने घोळ आणखी वाढवला. मेहकरहून चढलं की मुंबई दिवसभराच्या आत, मग गाडीने गोवा का नाही? भाऊजींनी टोल, डिझेल, टायरची हवा सगळं मांडलं. धाकटा म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडी चालवणार?" भाऊजी एक्स्प्रेस वेवरसुद्धा साठच्या वर जात नाहीत. गोवा रद्द.

यंदा थोरलीची बारावी. नीट झाली की निकाल, निकाल लागला की ती कुठे जाईल कोण जाणे: नागपूर, पुणे, संभाजीनगर. भाऊजींनी यावर कधी काही म्हटलं नाही. फक्त मार्चमध्ये डायरी एकदम वेगाने भरू लागली. रात्री दहाला दुकान बंद करून यायचे आणि बसायचे. शेवटी मनालीवर शिक्कामोर्तब झालं. बर्फ आहे, फोटो आहेत, आणि भाऊजींसाठी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा आहे. समुद्र नाही. त्यावर 'ब्यास नदी चालेल का' असं समासात लिहून ताईची सही घेतली.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होतं. "पूर्वी कसं, विचार करायला टाइम मिळे," हे भाऊजींचं मत. भुसावळ ते दिल्ली. सकाळी आठला खिडकी उघडणार म्हणून साडेसातला आंघोळ करून, देवाला दिवा लावून, मोबाईल समोर घेऊन बसले. मी फोनवर होतो, आधाराला. आठ वाजले. पासवर्ड चुकला. मग ती वाकडीतिकडी अक्षरं वाचून टाकायची वेळ आली. "हे जी आहे की नऊ?" ओटीपी दुकानाच्या नंबरवर गेला, तो फोन दुकानात. धाकट्याला सायकलवर पिटाळलं.

थोरलीचा आदल्याच दिवशी शेवटचा पेपर झाला होता. ती उठून बाहेर आली, जांभई देत म्हणाली, "बाबा, द्या इकडे." आपल्या फोनवर काय केलं देव जाणे, चहा उकळायच्या आत चार तिकिटं कन्फर्म. खालचे दोन बर्थ ताई-भाऊजींना, वरचे या दोघांना. आजी शेगावला जाणारच होती.

भाऊजी गप्प झाले. मला फोनवरून नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "अभिनंदन भाऊजी, ठरलं एकदाचं."

"हाव," ते म्हणाले. मग पान उलटल्याचा आवाज आला. "पण हे जायचं झालं. परतीचं बुकिंग आठ दिवसांनी उघडते. येताना सरळ भुसावळलाच यायचं की मधात आग्र्याला उतरायचं? नाहीतर खांडव्याला उतरून ओंकारेश्वर, इंदूर करून येता येते. इंदूरला तुमच्या ओळखीचं कोणी आहे का हो? पोळी कशी असते तिकडे, जरा विचारून सांगा."

मागून ताईचा आवाज आला, "फोन ठेवा आधी! दुकानापुढे लोक उभे आहेत."