खुराड्याची कडी

परसातील कुक्कुटपालन, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत आठ-दहा कोंबड्या सोडून त्यांना कणी, शिळी भाकरी आणि दैव यांच्या भरवशावर वाढवणे, हा जोडधंदा आहे की छंद याविषयी मतभेद असले, तरी त्यातून निघणारे मुख्य उत्पादन बोलणे हे असून अंडी हे केवळ त्याचे उपउत्पादन आहे, ही गोष्ट दोन पालक बाजाराच्या दिवशी एकमेकांना भेटले की ध्यानात येते. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी वर्षाला 300च्या आसपास अंडी घालते, तर देशी कोंबडी 60 ते 80वर थांबते. त्यांतलीही काही ती बांधावरच्या गवतात लपवते, काही मुंगसाच्या वाट्याला जातात आणि उरलेली पाहुण्यांना दिली जातात. अनुभवांचे मात्र तसे नसते. ते वाटले तरी घरात शिल्लक राहतात.

या शास्त्रात अधिकार नुकसानीवरून ठरतो. ज्याचे एकही पिल्लू दगावलेले नाही तो नवखा समजला जातो, ज्याच्या तेरांपैकी दोन उरली त्याचा सल्ला घेतला जातो, आणि ज्याचे खुराडे एका रात्रीत साफ झाले तो बोलू लागला की बाकीचे तंबाखू मळायचेही थांबतात. वृत्तान्तातील गुन्हेगार मुंगूस, बोका, घोरपड किंवा रानमांजर असा बदलत असला, तरी एक वाक्य कधीही बदलत नाही, ते म्हणजे ‘कडी लावलेली होती’. कडी लावायला विसरल्याची कबुली आजवर एकाही पालकाने दिलेली नसल्यामुळे, मुंगसाला कडी काढता येते आणि जाताना ती पुन्हा लावण्याइतका मात्र त्याला धीर नसतो, असे अनुमान काढण्यावाचून अभ्यासकाला गत्यंतर उरत नाही.

पालकांच्या संभाषणातील सर्वांत विस्तृत प्रकरण खुडूक कोंबडीचे होय. अंडी घालणे थांबवून ती उबवायला बसण्याच्या अवस्थेस खुडूक होणे म्हणतात. या काळात कोंबडीच्या रक्तातील प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, छातीखालची पिसे विरळ होऊन कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते, आणि दाणापाण्यासाठी दिवसातून एकदा काय ती उठणारी ही एरवीची गरीब कोंबडी, जवळ येणाऱ्या हाताला घरातील थोरल्या सासूच्या नजरेने पाहून टोचते. खाली अंडी असलीच पाहिजेत असा तिचा आग्रह नसतो. गुळगुळीत दगड, मुलांचा चेंडू किंवा नुसती रिकामी पाटीही तिला चालते. घरात उबवण्याजोगी अंडी साठलेली असताना एकही कोंबडी खुडूक होत नाही आणि अंड्यांना चांगला भाव आला की तिघी एकदम होतात, ही पालकांची जुनी तक्रार आहे. मग थंड पाण्यात बुडवणे, पाटीखाली डांबणे, नाकपुडीत पीस ओवणे असे उपाय केले जातात आणि प्रत्येक पालक आपलाच उपाय रामबाण असल्याची ग्वाही देतो. वस्तुतः ही अवस्था काही आठवड्यांनी आपोआप ओसरते, त्यामुळे शेवटी केलेल्या उपायाला यश येते इतकेच. पीस ओवण्याचा उपाय क्रूर असून तो कोंबडीपेक्षा पालकाच्या समाधानासाठी असावा.

अंडी 11 किंवा 13 अशी विषम संख्येत ठेवावीत याबाबत एकमत आहे, कारण मात्र प्रत्येक जण निराळे सांगतो. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत फुटते आणि विसाव्या दिवशी आतला बारीक चिवचिवाट ऐकण्यासाठी सबंध घर आळीपाळीने पाटीला कान लावते. बदकाच्या अंड्याला 28 दिवस लागतात. तरीही अनेक पालक बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवतात आणि तीही दिनदर्शिका न पाहता आठवडाभर जादा बसते. निसर्गाने बदलीचे हे काम इतके बिनतक्रार करून घेतले असले, तरी त्याचा हिशेब तळ्याच्या काठी होतो. डोळे उघडल्यावर पहिल्या काही तासांत जी हलती वस्तू दिसेल तिला आई मानण्याच्या पिल्लांच्या प्रवृत्तीला ठसा उमटणे म्हणतात. कॉनराड लोरेंझ यांनी गूज पक्ष्यांच्या पिल्लांवर तिचा अभ्यास केला आणि प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनासाठी 1973च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. त्या ठशानुसार पिल्ले कोंबडीमागून इमानाने चालत येतात, पाणी दिसताच सगळी एकदम आत उतरतात, आणि काठावर पिसे फुलवून धावणारी ती माता आपल्या वंशाच्या बुडण्याचा आकांत करत असताना वंश मात्र मजेत पोहत राहतो. पालक या दृश्याला करुण म्हणतात आणि हसत हसत सांगतात.

निमुळत्या अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, असा एक समज पालकांत आहे. त्यावर विसंबून गोल अंडी निवडून ठेवणाऱ्याच्या परसात दोन महिन्यांनी सात तुरे डोलू लागतात. या कोंबड्यांपैकी एखाद्याला घरातल्या मुलांनी तोवर ‘राजा’ असे नाव दिलेले असल्यास त्याचा रस्सा होण्याची शक्यता संपते.

मानमोडीविषयी पालक थोडकेच बोलतात. रानीखेत या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या रोगात माना वाकड्या होऊन कळपच्या कळप जातो. त्यावरील लासोटा लशीचा थेंब पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात घालतात, आणि बहुतेकांना ही माहिती पहिला कळप गेल्यावर मिळते.

कोंबडा झाकला म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण सर्वपरिचित आहे. झाकलेल्या कोंबड्याचे काय होते हे मात्र ती सांगत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले की, सतत मंद प्रकाशात ठेवलेला कोंबडाही शरीरातील घड्याळानुसार पहाटेआधीच आरवतो. थॉरलीफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1921च्या सुमारास कोंबड्यांमधील टोचण्याची उतरंड, म्हणजे कोणी कोणाला टोचावे याचा ठरलेला क्रम, वर्णिला होता. आरवण्यातही तोच क्रम पाळला जातो, आधी वरिष्ठ आरवतो आणि कनिष्ठ आपल्या पाळीची वाट पाहतात, असे 2015 साली त्याच जपानी गटाने नोंदवले. वरिष्ठाला काढून घेतल्यास दुसरा त्याची जागा घेतो. त्यामुळे रविवारी वरिष्ठ हंडीत गेला, तरी सोमवारची पहाट वेळेवर होते.

हे सर्व वाचून होईपर्यंत दिवेलागण झाली असल्यास, कडी लावलेली आहे याची कितीही खात्री असली, तरी वाचकाने एकदा परसात जाऊन ती पाहून यावी.