कपाट चढतं डोंगर

माथेरानला मोटारी चालत नाहीत, हे मुंबईच्या आसपासच्या प्रत्येक पोराला शाळेच्या सहलीपासून माहीत असतं. पण सहलीला जाणाऱ्याच्या गळ्यात पाण्याची बाटली असते; त्याच्यामागे गाद्या, शेगडी आणि आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट नसतं. हिची बदली माथेरानला झाली तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत झाडून सगळे ‘मजा आहे बुवा तुमची’ म्हणाले. सामान वर कसं जाणार, हे एकानेही विचारलं नाही.

टेम्पो दस्तुरी नाक्यापर्यंत येतो आणि तिथे पेट्रोल-डिझेलचं राज्य संपतं. पुढे बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर घोड्याची पाठ, हातगाडी, नाहीतर माणसाचं डोकं. डिसेंबर २०२२पासून ई-रिक्षा फिरू लागल्या, पण त्या माणसांसाठी. कपाटाला ज्येष्ठ नागरिक म्हणून आत बसवता येत नाही. टेम्पोवाल्याने सामान उतरवलं, ‘एन्जॉय करा साहेब’ म्हणाला आणि वळणावर दिसेनासा झाला.

मग हमालांचा मुकादम आला. त्याने सामानाभोवती एक फेरी मारली. हात कशालाच लावला नाही. नुसतं बघत ‘गादी घोड्यावर, मिक्सर घोड्यावर, फ्रिज हातगाडी’ असं तोंडातल्या तोंडात म्हणत तो कपाटाशी थांबला.

“रिकामं आहे ना, आजी?”

“अगदी रिकामं,” आई म्हणाली.

त्याने बोटाच्या पेराने कपाटावर एकदाच टकटक केलं. “मग लोणच्याची बरणी काढून घ्या. वाटेत फुटली तर साड्यांना वास लागेल.”

बरणी निघाली. साड्याही निघाल्या. माझ्या दहावीच्या वह्याही निघाल्या, ज्या आई रद्दीत गेल्या म्हणून गेली वीस वर्षं सांगत होती.

बांबूला दोर बांधून चौघांनी कपाट उचललं आणि आई ‘आरसा सांभाळा हो’ करत शेजारून चालू लागली. जंगलातून चालत जाणारा पुरुषभर उंचीचा आरसा माथेरानलाही रोज दिसत नसावा. पर्यटक थांबून त्यात केस सारखे करून घेऊ लागले. एका नवरीने टिकली नीट लावली. मग एक हुप्प्या माकड फांदीवरून उतरलं, त्याला समोर आपल्याच तोलामोलाचा प्रतिस्पर्धी दिसला आणि त्याने दात विचकले. प्रतिस्पर्ध्यानेही विचकले. चौघेही हमाल ओझं खांद्यावर घेऊन निवांत उभे. “होऊ द्या त्यांचं,” पुढचा म्हणाला, “मध्ये पडलं की आपल्यावर येतं.” अखेर आईने आपल्या लुगड्याचा पदर आरशावर धरला, तेव्हा भांडण मिटलं.

इतिहासाच्या पुस्तकात १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून डोंगर चढून आला आणि त्याने माथेरान ‘शोधलं’, असं लिहिलेलं असतं. पुढे त्याने इथे घर बांधलं. ते बांधायचं सामान कुणाच्या डोक्यावरून वर आलं, याचा त्या पुस्तकात पत्ता नाही. मॅलेटने काय वाहिलं असेल? फार तर टोपी.

आमचं सामान मात्र गावाने इतकं नीट पाहून घेतलं की दुसऱ्या दिवशी ओळख करून द्यायची वेळच आली नाही. दूधवाल्याने हिला विचारलं, “वहिनी, त्या लाल गादीला ऊन दाखवलंत का?” इथे जे घरात येतं ते घोड्यावरून, चारचौघांच्या देखत येतं. सिलिंडर घोड्यावर, तांदूळ घोड्यावर. कुणाकडे पाहुणे येणार हे कांद्यांच्या पोत्यावरून कळतं. डोंबिवलीला शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव आम्हाला त्याच्या कुरियरवरून समजलं होतं. इथे आमचं नवीन कमोड घरी पोचण्याआधी त्याच्या रंगावर बाजारपेठेत दोन मतं पडलेली होती.

चिरंजीवांनी ऑनलाइन बूट मागवले. पोचवणाऱ्याचा फोन आला, “सर, मी नाक्यावर. मॅप दाखवतोय अकरा मिनिटं, पण रस्त्यात घोडे आहेत.” मी म्हटलं, “घोड्यावरच या.” तो बिचारा खरंच किती पैसे पडतील ते विचारायला गेला.

मिनी ट्रेनबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचा पैसा घालून १९०७ साली ती वर आणली. नेरळपासून साधारण एकवीस किलोमीटर चढायला ती दोन तासांहून जास्त घेते. तेवढ्यात डोंबिवलीकर सीएसएमटीला जाऊन परत येतो. पण आईला रेल्वे म्हणजे रेल्वेच. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनावर गावात जाणारी शटल पुरती थांबायच्या आत तिने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. डब्यात आम्ही चौघंच होतो. “सवय मोडू नये,” ती म्हणाली.

पावसाळ्यात नेरळची गाडी बंद, फक्त ही शटल. ढग दारातून घरात येतात आणि पाहुण्यासारखे बसतात. कपडे वाळत नाहीत, फक्त वास बदलतात. काड्यापेटी हिच्या चष्म्याच्या डबीत राहते. वाऱ्याच्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधायचा, हे शेजाऱ्यांनी मे महिन्यातच सांगितलं होतं. बांधायलाही तेच आले. चहाला थांबले आणि जाताना कपाट कोणत्या भिंतीला लावायला हवं होतं, ते सांगून गेले. आम्ही हलवलं. खरंच तिथे गळत नाही.

पाऊस ओसरला आणि नातेवाईक उगवले. डोंबिवलीच्या घरी, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, सात वर्षं न फिरकलेला मामा ‘मुलांना हवापालट’ म्हणून दिवाळीत सहकुटुंब येतो म्हणाला. आई त्यांना घ्यायला नाक्यावर गेली, सोबत मी. मामाच्या गाडीतून चाकांच्या चार बॅगा उतरल्या. एक हमाल पुढे आला तसं आईने त्याला हाताने थांबवलं आणि बॅगांभोवती एक फेरी मारली. तिसरीपाशी थांबून बोटाच्या पेराने टकटक केलं.

“यात काय आहे रे?”

“काही नाही ताई, कपडे.”

“इस्त्री आणली आहेस,” आई म्हणाली. “ती गाडीत ठेव. आमच्याकडे आहे.”