विलायती सफरचंदरावांस अनावृत पत्र

रा. रा. विलायती सफरचंदराव यांसी,
मुक्काम : काचेच्या दारापलीकडचा थंडगार फळविभाग.

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुर्कस्तान, इराण, पोलंड, चिली, वॉशिंग्टन अशा लांबलांबच्या गावांहून आपण निघता, आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढता, न्हावा-शेवा बंदरात उतरता आणि तरी आपल्या गालावर एक सुरकुती दिसत नाही, याबद्दल प्रथम आपलं मनःपूर्वक अभिनंदन. नाहीतर आमचं जांभूळ बघा. पालघरजवळच्या बहाडोलीहून दादरला यायचं म्हटलं तरी अर्ध्या वाटेत घामाघूम होतं, सालीला भेगा पडतात, टोपलीचा तळ जांभळा होतो. काय ही नाजूक तब्येत!

आपल्या चिरतारुण्याचं रहस्य आम्ही जाणकारांना विचारलं. आपल्याला म्हणे शीतगृहात बसवतात, पारा शून्याच्या आसपास आणतात, हवेतला प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर उतरवतात आणि आपण श्वास जवळजवळ रोखून महिनोन्महिने तसेच बसता. हठयोग्यांनी आपल्याकडे शिकवणी लावावी. वर मेणाचा हलकासा हात. खाण्यायोग्य मेण आहे, कायद्यात बसतं, आमची तक्रार नाही. लग्नकार्यात आम्हीही चेहऱ्याला काहीबाही लावतोच की.

आपल्या रुग्णसेवेबद्दल तर आभार मानावे तेवढे थोडेच. घरातलं कोणी दवाखान्यात असलं की भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्या चार मूर्ती घेऊन येतो. कॉटशेजारच्या स्टुलावर आपली उतरंड रचली जाते. पेशंटच्या तोंडात दात नसले तरी चालतं. स्टूल भरलेलं दिसलं पाहिजे. एकदा आम्ही धीर करून पेरू नेले होते. “सर्दी होईल हो!” असं एकदम तिघांनी सांगितलं आणि पिशवी कॉटखाली सारली. आता शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि आपल्यात जेमतेम पाच, हे आम्ही त्या खोलीत बोललो नाही. आजारी माणसासमोर आपली अब्रू कशाला काढा?

धार्मिक कार्यातली आपली प्रगतीही थक्क करणारी आहे. सत्यनारायणाच्या चौरंगावर पाच फळांत आपण नसाल तर यजमानालाच चुकल्यासारखं वाटतं. गोव्यात चवथीला गणपतीवर माटोळी बांधतात. सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, तोरिंजन, निरफणस, शिवाय रानात हिंडून आणलेली फळं. कुठल्या डोंगरात काय पिकतं हे ज्याला ठाऊक, त्यानेच ती बांधावी. आता तिथेही आपण दोरीला लटकलेले दिसता. रानात जायचे कष्ट वाचवलेत, देव आपलं भलं करो.

आपण परके आहात असा आरोप मात्र आम्ही करणार नाही. तो करायला आमचं तोंड नाही. पेरू, चिकू, सीताफळ, अननस हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. ज्या मिरचीवर आमचा सगळा बाणा उभा आहे, तीसुद्धा तिकडचीच. आपल्याच घराण्यातली एक शाखा सॅम्युअल स्टोक्स या मूळच्या अमेरिकन गृहस्थाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला शिमल्याजवळच्या कोटगडात लावली आणि ती हिमाचलची झाली. तर ही मंडळी आली, मातीत उतरली, इथला दुष्काळ, इथली कीड, इथला सावकार, सगळं त्यांनी सोसलं. आपण मात्र पाहुणे म्हणून येता आणि खोक्यातून उतरून थेट यजमानाच्या पाटावर बसता.

आणि पाहुणचार तरी कसला! २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने ठरवलं की किलोला ५० रुपयांहून कमी किमतीचं सफरचंद बाहेरून येऊ द्यायचं नाही (भूतानचं तेवढं वगळून). हेतू काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांना आधार देण्याचा, आणि तो रास्तच. पण त्यामुळे आपल्याला किमान प्रतिष्ठेचा सरकारी दाखला मिळाला. भाव पडला की आमचा टोमॅटो क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतला जातो. त्याला ‘याच्या खाली नाही’ असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आपण भेटलात तर त्याला जरा समजवा. म्हणावं, बाबा रे, एकदा परदेशी जाऊन ये.

कागद आमच्याकडे नाहीत असं नाही. पुरंदरचं अंजीर, बीडचं सीताफळ, घोलवडचा चिकू, जालन्याची मोसंबी, जळगावची केळी यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सत्कार झाले, फोटो आले. आपल्या शेजारी फळीवर जागा मिळाली का, हे कृपया विचारू नये.

आता त्या अंजिराचंच घ्या. सासवडच्या रस्त्याला पाटीत पानं अंथरून मांडलेलं असतं. पूर्ण पिकलं की सालीवर पांढऱ्या रेघा उमटतात, खालच्या डोळ्याशी मधाचा एक थेंब येऊन थांबतो आणि आमच्याआधी मुंग्यांना बातमी लागते. ते दुपारी घेतलं तर संध्याकाळपर्यंत खायचं. उद्यावर ढकललं तर आंबलं. सीताफळाचीही तीच तऱ्हा. डोळे उघडलेलं फळ हातात घेऊन अंगठ्याने नुसतं दाबलं की दोन शकलं होतात. असला उतावीळ माल दुकानदाराने कशाला ठेवावा? आपण शिस्तीचे. सोमवारी ठेवलं तर पुढच्या सोमवारी तसेच.

मध्यंतरी आमच्या राज्य सरकारने ‘विकेल ते पिकेल’ अशी घोषणा काढली होती. आपण आमच्या नकळत तिच्यात दुरुस्ती केलीत, ‘टिकेल तेच विकेल’, आणि तीच अमलात आली. जे खपत नाही त्याचं झाड उभं ठेवणार कोण? बांधावरचं जांभूळ तोडलं तर निदान लाकडाचे पैसे येतात. चव हा निकष या व्यवहारातून इतक्या अदबीने बाहेर काढल्याबद्दल आपल्याला मानाचा मुजरा.

आपल्या शेजारी बसणाऱ्या झुकिनीबाई आणि ब्रोकोलीताई यांनाही आमचा नमस्कार सांगावा. त्यांच्यामुळे चाकवत, घोळ, तांदुळजा, अंबाडी यांची निवडण्याची कटकट मिटली. आमच्या सोसायटीने पार्किंगसाठी शेवग्याचं झाड पाडलं. आता शेवग्याच्याच पाल्याची पूड ‘मोरिंगा’ नावाने डबीतून येते, आणि झाड पाडा म्हणून सही करणारेच ती सकाळी कोमट पाण्यातून घेतात.

२०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी आपल्या तुर्की बंधूंवर बहिष्कार टाकला तेव्हा आम्हाला भाबडी आशा वाटली होती, की आता तरी फळवाल्याच्या पुढच्या रांगेत एखादी जागा रिकामी होईल. गेलो, तर तिथे आपलेच चुलतभाऊ बसलेले, दुसऱ्या देशाचा स्टिकर लावून.

स्टिकरवरून आठवलं. आपल्या अंगावरचा तो छोटा लंबगोल बिल्ला आमच्या बाजारात फारच लोकप्रिय झाला आहे. ‘प्रीमियम’, ‘बेस्ट क्वालिटी’ असले बिल्ले तावच्या ताव मिळतात आणि साध्या गावठी फळालाही चिकटवले की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ सालीच सांगितलं होतं की फळांना स्टिकर लावू नका. पण बिल्ल्याशिवाय आम्हाला फळ ओळखू येईनासं झालं आहे, त्याला प्राधिकरण काय करणार?

तरी आपल्याला एक नम्र विनंती. वर्षातून थोडे दिवस रजा घ्यावी. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं असतात तेव्हा, पावसाळा संपता संपता सीताफळं येतात तेव्हा, आणि थंडीत पेरू-बोरं-आवळे असतात तेव्हा. उरलेला काळ सगळा आपलाच.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक पेरूखाऊ

ता. क. : पहिला पाऊस पडला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. आपण त्या बाजूला फिरकलात तर शेवळांबरोबर काकडं मागून घ्यावीत, त्या आंबट फळांशिवाय भाजी घशाला खाजते. भाव करू नये. आपला कोणी करत नाही.