नवा मिक्सर बंद पडल्यास भिडस्तांनी काय करावे

नवा मिक्सर पाडव्याला घरी येतो, त्याला हळदकुंकू वाहिले जाते आणि तिसऱ्या दिवशी ओल्या खोबऱ्याची चटणी अर्धी वाटून, जळक्या वायरीचा वास सोडत तो थांबतो. अशा वेळी गृहस्थाने घाबरू नये. आधी घरातल्या माणसांकडे संशयाने पाहावे. ‘पाणी कमी पडलं का?’, ‘भांडं गच्च भरलं होतंस का?’ अशा प्रश्नांत दोन दिवस सहज निघतात आणि दोष मिक्सरचाच असेल ही शंका मागे पडते. आमच्याकडे चौकशीअंती खोबरे दोषी ठरले.

मग खोके शोधावे. माळ्यावर 2004 सालच्या टीव्हीचे खोके थर्मोकोलसकट सुखरूप असते. मिक्सरचे मात्र आल्या संध्याकाळीच रद्दीवाल्याकडे गेलेले असते. दुकानदार हे ओळखून असतो. ‘काका, खोक्याशिवाय आपल्याला काहीच करता येत नाही.’ यातल्या ‘आपल्याला’ला भुलावे आणि घरी यावे. सदोष वस्तूची तक्रार खोक्यावाचूनही करता येते, हे त्याला सांगण्याचा उद्धटपणा करू नये.

बिलाबाबत खरे तर खरेदीच्या वेळीच सावध राहायला हवे. ‘पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल हं,’ असे दुकानदार म्हणाला की मान डोलवून कच्ची चिठ्ठी खिशात घालावी. तिच्यावर गणपती असतो, खाली ‘आमची कोठेही शाखा नाही’ आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. यातले पहिले विधान खरे असते, म्हणून दुसरेही खरे धरून चालावे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा भलतेच सांगतो. बिल न देणे ही त्याच्या लेखी अनुचित व्यापारी प्रथा. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा. पण वीस वर्षे ज्यांच्याकडून ट्यूबलाइट नेल्या, त्यांच्यासमोर कलम कसे काढायचे? त्यांना काय वाटेल?

पुढे कंपनीच्या नंबरावर फोन लावून सनईची धून ऐकावी. यथावकाश मेकॅनिक येतो. त्याला चहा द्यावा. चहा संपेपर्यंत तो ‘तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतंय’ असे म्हणतो आणि संपल्यावर ‘कपलर गेलाय, तो वॉरंटीत येत नाही’. निघताना ‘पार्ट मागवलाय’ हे वाक्य असतेच. त्यावर आपण ‘बरं’ म्हणावे. सगळ्या व्यवहारात वॉरंटी दुकानदाराला असते, आणि ती आपल्या भिडेची असते.

ग्राहक आयोगाकडे मुळीच जाऊ नये. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे शेजारचे नाना सांगतात. तिथे वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते आणि ती आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, हे कुणी नानांना सांगू नये. त्यांचा रक्तदाब वाढतो. प्रयोगशाळेची तपासणी लागली नाही तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. ‘प्रयत्न’ हा शब्द कायद्याचाच. तेवढ्यापुरते नाना बरोबर असू शकतात.

आमच्या आत्याला मात्र हे मार्गदर्शन मिळालेले नव्हते. ती साताऱ्याहून आली, पाट्यावर वाटलेली चटणी पाहून तिने काय ते विचारले आणि सरळ 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवला. मराठीतच बोलली. ‘बिल आण,’ मला म्हणाली.

बिल मी जपले होते. सगळ्या नियमांतला तेवढा एकच मोडून मी पक्के बिल घेतले होते आणि ते टिकावे म्हणून लॅमिनेटही करून आणले होते. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो हे लॅमिनेशनवाल्याला माहीत नव्हते. प्लॅस्टिकच्या आत काळा चौकोन होता.

‘ठेव ते देवघरात,’ आत्या म्हणाली आणि तिने स्वतःचा फोन काढला. पाडव्याला ती आमच्याबरोबर दुकानात होती. बिल हातात पडताक्षणीच तिने त्याचा फोटो घेतला होता. दोन आठवड्यांनी दुकानातला मुलगा नवा मिक्सर घेऊन दारात उभा. ‘काका, आधी बोलायचं ना.’ मी त्याला सॉरी म्हणालो.

तुमच्या कपाटात या वर्षीच्या खरेदीची जी बिले असतील, त्यांचे फोटो आजच काढून ठेवा. लॅमिनेट करू नका.